उघडीप गाठायची असेल तर

तुम्ही लिहिलंय की इंदुरात सुदामानगरला राहता. दोन वर्षांपूर्वी कॅमेरा घेतलात आणि अजून त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्सच वापरता. दोन पावसाळे जामगेट, मांडू, पाताळपाणी असं भिजत फिरलात. तिथे उभं असताना अंगावर काटा येतो, आणि घरी संगणकावर उघडलं की सगळं सपाट, राखाडी. धुक्यात काहीच उमटत नाही, वीज एकदाही सापडलेली नाही. म्हणून आता ७०-३०० लेन्स घ्यावी का, की कॅमेराच बदलावा, आणि येत्या रविवारी जामगेट आणि मांडू एका दिवसात होईल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

कॅमेरा बदलू नका. जे हुकतंय ते कॅमेऱ्यामुळे हुकत नाहीये. लेन्सचं पुढे सांगतो, रविवारचं सगळ्यात शेवटी.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘पाऊस सुरू झाला की आम्ही फोटो काढायला लागतो आणि थांबला की गाडीत बसून पुढच्या ठिकाणी निघतो.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण सगळी अडचण त्यातच आहे. पाऊस ऐन भरात असतो तेव्हा आख्खं आभाळ एका पांढऱ्या चादरीसारखं होतं. सगळीकडून सारखाच उजेड. कशाची सावली पडत नाही, लांबचं काही दिसत नाही, रंग दबतात. अंगावर काटा येतो तो आवाजानं, वाऱ्यानं, मातीच्या वासानं, मानेवरून ओघळणाऱ्या पाण्यानं. यातलं कॅमेऱ्याला काहीच कळत नाही. त्याला फक्त उजेडातला फरक कळतो, आणि तो फरक पावसाच्या कडेला असतो: सर यायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं, आणि उघडीप पडल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. नेमकी हीच वेळ तुम्ही गाडीत घालवता.

मी सव्वीस वर्षं या भागात फोटो काढतोय. पोटापाण्यासाठी लग्नं आणि कारखान्यांची कामं, पण जून लागला की जीव आभाळात अडकलेला असतो. भिंतीवर लावावेत असे माझे जे पावसाळी फोटो आहेत ते काढताना पाऊस बहुतेक वेळा माझ्या डोक्यावर पडत नव्हता. तो समोर दोन-चार किलोमीटरवर पडत होता, किंवा नुकताच पडून गेला होता.

संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास पूर्वेकडे काळं आभाळ सरकलेलं असतं आणि पश्चिमेला ढगाखालून सूर्य डोकावतो, तो उजेड तर अजिबात सोडू नका. सूर्याकडे पाठ करा. काळ्याभोर ढगासमोर ओलं सोयाबीनचं शेत, एखादं बाभळीचं झाड, विजेचा खांब, काहीही असू द्या, ते आतून दिवा लावल्यासारखं पेटतं. लोक सूर्यास्ताचे फोटो काढत पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात आणि खरा प्रसंग त्यांच्या पाठीमागे घडत असतो. सुपर कॉरिडॉरवर किंवा बायपासच्या बाजूला राळामंडळाच्या टेकडीकडे तोंड करून हे सहज बघता येतं, लांब जायची गरज नाही.

अशाच वेळी इंद्रधनुष्य येतं. ते नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते तो बिंदू मध्यभागी धरून ४२ अंशांवर असतं. म्हणून सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही. जुलैमध्ये आपल्याकडे दुपारी साधारण चारनंतरच आशा ठेवायची, आणि पूर्वेकडे बघायचं. दुसरं, फिकट धनुष्य असेल तर ते ५१ अंशांच्या आसपास, रंगांचा क्रम उलटा. दोन्हींच्या मधला आभाळाचा पट्टा आजूबाजूपेक्षा गडद असतो, त्याला फोटोत जागा द्या. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, असेल तर तो हळूहळू फिरवून बघा. एका कोनात धनुष्य पार नाहीसं होतं आणि दुसऱ्या कोनात ठसठशीत उठतं. मी एकदा घाईत फिल्टर न फिरवता दहा फोटो काढले आणि दहाहीमध्ये धनुष्य अर्धवट पुसलेलं आलं.

आता जामगेट आणि मांडूच्या धुक्याकडे येतो, कारण तुमची खरी ओढ तिकडे दिसते, आणि माझीही आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. महूच्या पुढे माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याची कड एकदम तुटून खाली निमाडात उतरते. महेश्वरला नर्मदेच्या काठी तुम्ही जेमतेम दीडशे मीटरवर असता. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा दमट वारा या कड्याला धडकतो, त्याला वर चढावं लागतं, चढताना तो थंड होतो आणि कड्यावरच ढग तयार होतो. म्हणजे जामगेटला किंवा मांडूच्या रूपमती मंडपात आपण ज्याला धुकं म्हणतो तो खरं तर आपल्या पायाशी तयार होऊन आपल्या अंगावरून जाणारा ढग असतो. हे कळलं की वाट बघण्याला अर्थ येतो. हा ढग वाऱ्यावर चालतो, त्यामुळे तो फाटतो, उघडतो, पुन्हा मिटतो. पूर्ण पांढरं झालं म्हणून परत फिरायचं नसतं.

एका ऑगस्टची सकाळ सांगतो. साडेसहाला जामगेटला पोचलो तेव्हा अहिल्याबाईंच्या काळातला तो दगडी दरवाजा वीस पावलांवरून दिसत नव्हता. ट्रायपॉड उभा केला, कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आणि चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याची लाकडाची भट्टी होती. त्याला विचारलं, आज उघडेल का? त्यानं आभाळाकडे बघितलंच नाही, भट्टीच्या धुराकडे बघितलं. धूर दरवाजाकडे, म्हणजे पठारावर ढकलला जात होता. तो म्हणाला, खालून वारा येतोय तोवर असंच राहणार, धूर सरळ झाला की उठा. मी तिसरा चहा घेत होतो. पावणेनऊच्या सुमारास धूर आधी सरळ उभा राहिला आणि मग हळूच निमाडच्या बाजूला कलला. मी कॅमेऱ्यापर्यंत पोचेपर्यंत दरवाजाची कमान, तिच्यावरचं ओलं गवत आणि मागे एकामागे एक तीन डोंगरांच्या कडा उघड्या पडल्या. सगळ्यात खाली घाटातल्या रस्त्याचं एक वळण चमकत होतं, त्यावर एकच ट्रक, दिवे लावलेला. दोन-अडीच मिनिटं. मग पुन्हा पडदा.

धूर खाली कलतो म्हणजे हवा पठारावरून खाली उतरायला लागलेली असते. उतरणारी हवा तापते आणि ढग विरतो. त्या माणसाला हे रोज बघून माहीत होतं. मी तेव्हापासून जिथे जाईन तिथे आधी धूर शोधतो.

आता अशा वेळी कॅमेरा कसा लावायचा. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. समोर पांढरा ढग असला की त्यालाही ते राखाडी करून ठेवतं. तुमचे फोटो कळकट दिसतात त्याचं हे मोठं कारण. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक १ वर न्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा. त्या आलेखातला उंचवटा उजव्या तिसऱ्या भागात यायला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. ऑटोफोकस ढगात भटकत राहतो, पकडायला कड सापडत नाही, म्हणून एखाद्या फांदीवर किंवा दगडाच्या काठावर फोकस करून मॅन्युअलवर टाका आणि हात लावू नका. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर पहाटेच्या धुक्यातली निळाई कॅमेरा धुऊन काढतो. उन्हाच्या चिन्हावर ठेवा. फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं न घोटलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

पण आकडे दुय्यम आहेत. धुक्यात जवळचं काहीतरी गडद लागतं. नुसतं धुकं म्हणजे कोरा कागद. मांडूला यासाठी देवाच्या दयेनं गोरखचिंचेची झाडं आहेत, ज्यांच्या फळांना तिथे मांडूची चिंच म्हणतात. जाड फुगीर खोड आणि वर अचानक बारीक होत गेलेल्या फांद्या. या झाडाची आकृती इतकी वेगळी आहे की पन्नास पावलांवरच्या धुक्यातही ती ओळखू येते. पावसाळ्यात त्यांना पालवी असते, तेव्हा आकृती थोडी भरते. उघड्या फांद्या हव्या असतील तर हिवाळ्यातली धुक्याची पहाट गाठावी लागते. मी एक झाड जवळ, गडद, चौकटीच्या एका बाजूला घेतो, दुसरं त्याच्या मागे अर्धं विरलेलं आणि तिसरं जेमतेम जाणवणारं. तीन झाडांत तीन अंतरं दिसली की धुक्याला खोली येते. जहाज महालाच्या समोर गर्दी करणाऱ्यांना ही झाडं दिसतच नाहीत याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

इथे लेन्सचा प्रश्न येतो. हो, ७०-३०० घ्या, पण पुढच्या वर्षी. तिचा उपयोग लांबचं जवळ आणण्यापेक्षा नको ते वगळण्याला जास्त होतो. समोर शंभर गोष्टी असतात; डोंगराची एकच कड आणि तिच्यावर अडकलेला ढगाचा एकच तुकडा उचलायला लांब लेन्स लागते. पण हे वगळणं आधी १८-५५ च्या ५५ वर शिका. एक आख्खा महिना फक्त ५५ वर ठेवून काढा. याच इंदूरच्या चित्रशाळेत देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रे घडले, १९१० साली इथेच जन्मलेले, पुढे बडोद्याला ज्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. उघड्यावर बसून प्रकाश रंगवायचा तो वारसा या गावाला आहे. चित्रकार कोऱ्या कागदावर हवं तेवढंच घेतो. आपल्याला भरलेल्या चौकटीतून काढून टाकत जावं लागतं, आणि ते काम पायांनी करायचं असतं: दोन पावलं डावीकडे, एक पाऊल खाली.

आत्ता पैसे खर्च करायचेच असतील तर गोल पोलरायझर आणि जरा वजनदार ट्रायपॉड घ्या. पोलरायझर निळ्या आभाळासाठी असतो असा समज आहे. पावसाळ्यात त्याचा खरा उपयोग ओल्या पानांवर आणि ओल्या खडकांवर होतो. ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते, ती निघाली की खालचा हिरवा रंग बाहेर येतो. काळा बसाल्ट काळा दिसायला लागतो. हा परिणाम नंतर संगणकावर तयार करता येत नाही. पोलरायझरनं दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड जातो, म्हणून ट्रायपॉड.

पाताळपाणीबद्दल. चोरल नदीचं पाणी तिथे सुमारे ३०० फूट खाली पडतं. दोन गोष्टी. ऐन पुरात पाणी मातकट असतं, त्याला अर्धा सेकंद शटर देऊन रेशमी करायला गेलात तर नुसता चिखलाचा पडदा दिसतो. पुराच्या पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर १/२५० किंवा त्याहून जलद. रेशीम सप्टेंबरमध्ये, धारा बारीक आणि पाणी निवळ झाल्यावर, १/४ ते १/२ सेकंदात. शिवाय चौकटीत आभाळ घेऊ नका. पांढरं आभाळ डोळा ओढून घेतं आणि धबधबा फिका पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुलै २०११ मध्ये तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात एका कुटुंबातली माणसं पाण्याच्या मधोमध अडकून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. जिथे उभे आहात तिथे ऊन असतं आणि वर पाणलोटात ढग फुटलेला असतो. पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, आवाज जड झाला, की ट्रायपॉड तिथेच टाकून वर निघा. नदीपात्रातल्या दगडावर पावसाळ्यात मी उभा राहत नाही, कोणालाही उभं राहू देत नाही. त्या कोनातून फोटो मिळत नसेल तर तो नको.

विजेचं आता नीट सांगतो, कारण यात लोक सेटिंगचा गोंधळही करतात आणि जिवाशीही खेळतात.

आपल्याकडे विजेचा खरा हंगाम मान्सून यायच्या आधीचा आणि जातानाचा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दिवसभर उकाडा, दुपारी पश्चिमेकडे फुलकोबीसारखे ढग चढायला लागतात, संध्याकाळी धूळ उडते, वळीव कोसळतो. या गर्जमेघांना नीट आकार असतो, पाया सपाट आणि गडद, डोकं ऐरणीसारखं पसरलेलं. झड लागलेल्या जुलैच्या आभाळात असा आकार क्वचित सापडतो. म्हणून मी घरच्यांना सांगून ठेवलंय, जूनचे पहिले पंधरा दिवस संध्याकाळी मला कुठल्या कार्यक्रमाला धरू नका.

रात्रीची वीज दिवसापेक्षा सोपी. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १५ ते २० सेकंद. लांबच्या दिव्यावर फोकस करून तो मॅन्युअलवर लॉक करा. केबल रिलीज लावून सलग फोटो चालू ठेवा, एकामागून एक, आणि कधीतरी वीज त्या वीस सेकंदांत येऊन बसते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि नेमकी तेव्हाच वीज पडते. आणि एक गोष्ट मनात पक्की करा: विजेची रेघ किती उजळ येणार हे अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, शटर नाही. वीज क्षणात होऊन जाते, शटर पाच सेकंद उघडं असो की तीस, तिला फरक पडत नाही. शटरनं फक्त शहराचा आणि आभाळाचा उजेड कमी-जास्त होतो. रेघ जळून पांढरी पट्टी झाली तर एफ ११ करा, वीज लांब आणि फिकी असेल तर एफ ५.६. आभाळ पिवळट उजळलं तर शटर कमी करा. इतकं कळलं की उरतो तो धीर.

दिवसा उजेडामुळे शटर एवढं उघडं ठेवता येत नाही. एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर आणि लहान अॅपर्चर लावून १/४ सेकंदापर्यंत आणा. एका लखलखाटात बहुधा एकाच वाटेवरून तीन-चार झटके येतात, म्हणून पहिल्या झटक्याला बोट दाबलं तरी कधी कधी पुढचा सापडतो. भरवसा नाही. वीज चमकताच आपोआप शटर दाबणारा विजेचा ट्रिगर मिळतो, तो दिवसासाठी उपयोगी आहे.

आता जिवाचं. देशात दर वर्षी अडीच हजारांवर माणसं विजेनं दगावतात आणि मध्य प्रदेशचं नाव त्यात वरच असतं. लख्ख झालं की सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून पुढची तुमच्या डोक्यावर येऊ शकते. तेव्हा बिजासन टेकडीवर नाही, गच्चीवर नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. ट्रायपॉड हातात धरून उघड्यावर उभं राहणं म्हणजे आपणच खांब होणं. मी बंद काचांच्या गाडीतून काढतो, कॅमेरा डॅशबोर्डवर टॉवेलच्या गुंडाळीत बसवून, किंवा घरातल्या खिडकीतून. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये ठेवा, ते आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजा दाखवतं. त्याच्या जोडीला हवामान खात्याचं भोपाळच्या रडारचं चित्र बघत गेलात की कुठली सर कुठून कुठे सरकतेय हे पंधरा दिवसांत हाताला लागतं. आमच्या इंदुरात सगळे पाऊस इंचांत मोजतात, यंदा किती झाला, ३७-३८ इंचांची सरासरी गाठणार का. फोटो काढणाऱ्याला तो आकडा कामाचा नाही. पाऊस किती झाला यापेक्षा तो आत्ता कुठे आहे हे हवं.

पडत्या पावसाचाच फोटो हवा असेल तर तोही होतो, पण पाऊस दिसायला मागून उजेड आणि पाठीमागे गडद काहीतरी लागतं. रात्री राजवाड्याच्या समोर, पथदिव्याखाली. मोठा थेंब सेकंदाला नऊएक मीटर वेगानं पडतो, १/६० सेकंदात तो १५ सेंटीमीटर उतरतो आणि तेवढी रेघ उमटते. १/५०० केलंत तर ठिपके. मला रेघा आवडतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा दगड ओला झाला की दिव्यांचा उजेड धरून ठेवतो, सरीनंतर तिथे नक्की जा.

हिवाळ्यातलं धुकं वेगळं, त्याची रीत वेगळी. ते जमिनीवर तयार होतं: आदल्या दिवशी जमीन ओली झालेली, रात्री आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडून गेला आणि आभाळ मोकळं झालं की दुसऱ्या पहाटे सिरपूर तलाव किंवा यशवंतसागर गाठायचा. हे धुकं जामगेटसारखं चालत नाही, ते पाण्यावर बसून राहतं आणि ऊन चढलं की तासाभरात विरतं. म्हणून इथे उशीर चालत नाही, सूर्य उगवायच्या आधी जागेवर हवं. सूर्य समोर घ्या, धुकं सोनेरी होतं. गुलावटचं कमळही सकाळचंच, दुपारपर्यंत फुलं मिटतात.

फेब्रुवारी अखेरीपासून सिमरोल आणि चोरलच्या घाटात पळस फुलतो. त्याच्यासाठी एकच सूचना: कॅमेऱ्याचा लाल रंगाचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा. साध्या हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसतं आणि लाल आतून कधीच जळून गेलेला असतो, पाकळ्यांवरची मखमल निघून जाते. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर लांब लेन्सनं दूरचं काही काढू नका, तापलेल्या काळ्या मातीवरची हवा थरथरते आणि कुठलीही लेन्स धारदार फोटो देत नाही. त्या दिवसांत खाली बघा. भेगाळलेल्या काळ्या मातीवरचा पहाटेचा तिरपा उजेड फार सुंदर असतो.

सामानाची काळजी. २००६ च्या ऑगस्टमध्ये मांडूहून भिजून आलो, कॅमेरा पुसला, आणि लेन्स तिच्या चामड्याच्या डबीत घालून कपाटात ठेवली. दिवाळीच्या आधी उघडली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. बुरशी. साफ करून घेतली, पण काचेवरचं कोटिंग खाल्लेलं होतं, उजेडासमोर ती लेन्स कायमची दुधाळ झाली. वर्षभराच्या बचतीतून घेतलेली होती. तेव्हापासून चामडं आणि कापड बंद. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांच्या मधे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडू नका. थंड काचेवर दमट हवा लागताच दव धरतं, ते पुसत बसलात की उघडीप निघून जाते. घाट लागायच्या आधी एसी बंद करा, काचा खाली करा.

रविवारचं. दोन्ही करू नका. मांडू शंभर किलोमीटरच्या घरात आहे, जामगेट पन्नासएक, आणि दोन्हीकडे धावलात तर दोन्हीकडच्या उघडिपी रस्त्यातच जातील. जामगेट करा, आणि या पावसाळ्यात दर वेळी तिथेच जा, एकाच जागी. घरून पाचला निघा, साडेसहाला पोचाल. चार मऊ कोरडे रुमाल घ्या, ते एकदा भिजले की त्यांचा उपयोग संपतो. कॅमेऱ्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी पुरते. ट्रायपॉड दरवाजाच्या अलीकडे डाव्या हाताला, रस्त्यापासून आत, कठड्यापासून चार पावलं मागे लावा. मग टपरीवर बसा आणि भट्टीचा धूर बघा. तो पठाराकडे ढकलला जात असेल तर निवांत चहा सांगा. सरळ उभा राहिला तर कप खाली ठेवा, आणि निमाडकडे कलला तर तुम्ही आधीच कॅमेऱ्याजवळ असायला हवं.